प्यायलेल्या पाण्याचं वजन

सौंसर, गुरुवार. एप्रिल संपत आलेला.

बहेनजी, इतकी वर्षं तुम्हाला काही लिहिलं नाही, त्याची आधी माफी मागतो. तुम्ही गेलात त्या वर्षी डायरीत काही वेळा तुम्हाला उद्देशून लिहिलं होतं. मग ते मलाच खोटं वाटायला लागलं. गेलेल्या माणसाला लिहिणारा खरं तर स्वतःलाच ऐकवत असतो, असं वाटून मी ते बंद केलं आणि साध्या नोंदींवर आलो: पाऊस, हजेरी, कोणाची बदली, कोणाचं लग्न. आज त्या नोंदींत हे मावत नाही. माझ्या वर्गातली दुसरीची एक मुलगी कालपासून इथल्या सरकारी दवाखान्यात आहे. ती पाणी पीत नाही, आणि का पीत नाही त्याचं कारण माझा पाठ आहे. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्ही उगाच मनाला लावून घेता, ऊन केवढं आहे." तुम्ही असं म्हणाला नसतात. म्हणून तुम्हाला लिहितो आहे. तुमच्याकडून मला धीर नको आहे.

तुम्ही आम्हाला वजन कसं शिकवलं ते कालपासून सारखं आठवतं. तुम्ही तिगावहून पॅसेंजरने पांढुर्ण्याला यायच्या, गाडीला उशीर झाला की आम्ही पोरं शाळेच्या फाटकावर लोंबकळत वाट पाहायचो. नंतर तुम्ही स्टेशनाजवळ खोली घेतलीत. एका शनिवारी शाळा सुटल्यावर आम्हा चार-पाच जणांना तुम्ही त्या खोलीवर नेलं होतं. स्टोव्ह, एक परात, भिंतीला टेकवलेलं पोळपाट, आणि तुमच्या हाताला लागलेली कणीक. तुम्ही दोन सारखे गोळे केलेत आणि माझ्या दोन तळहातांवर ठेवलेत. सारखे? सारखे. मग एका गोळ्याची पोळी लाटलीत आणि ती परत माझ्या हातावर पसरलीत. "आता?" मी म्हणालो, ही हलकी झाली. तुम्ही चूक म्हणाला नाहीत. पोळीचा गोळा केलात, हातावर ठेवलात, परत लाटलीत, परत ठेवलीत. मी रडकुंडीला येऊन ओरडलो, "बहेनजी, ते तेच तं आहे!" तुम्ही म्हणालात, "मंग मले काय पाहून राहिला, ह्यायले सांग," आणि बाकीच्यांकडे बोट केलंत. मग ती पोळी तव्यावर टाकलीत. गूळ लावून आम्ही ती वाटून खाल्ली. पुढे कॉलेजात मोठमोठी पुस्तकं वाचली, पण वस्तुमान म्हटलं की मला अजून त्या कणकेचा ओला थंडपणा आठवतो.

रामाकोन्याकडच्या ज्या गावात मी सौंसरहून शिकवायला जातो, तिथे मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही निवृत्त झाला होतात. माझा वर्ग पाहायला मुद्दाम बस बदलून आलात. मी तेव्हा तरुण होतो आणि मला वर्ग भारून टाकायची हौस होती. तोडलेलं झाड स्वतः बोलतं आहे असा पाठ मी त्या दिवशी घेतला. आवाज खाली आणला, मध्ये थांबलो, आणि पुढच्या बाकावरचं एक लेकरू खरोखर हुंदके द्यायला लागलं. मी तुमच्याकडे पाहिलं, शाबासकीसाठीच. बाहेर आल्यावर तुम्ही मला पहिल्यांदा "तुम्ही" म्हणालात. "मास्तर, रडवाले काय लागते? दार लावून अंधार केला तरी लेकरू रडते. त्याच्या हाती काही कराले ठेवलं का तुम्ही?" मला राग आला होता, आणि तो बरेच दिवस गेला नव्हता. पण त्याच दिवशी पिशवीतून तुम्ही तुमची तागडी काढून मला दिलीत, पितळेची दोन पारडी आणि शिसवी दांडी. राग आलेल्या माणसाला भेट देण्याची तुमची ती पद्धत होती. मी ती तागडी आजतागायत वापरतो.

आता पाठाचं सांगतो. या सत्रात वरून सांगणं आलं की लहान वर्गांत प्रत्येक विषयाला हवामान बदलाची जोड द्या. आमच्या भागातल्या शाळांवर देखरेख ठेवणारे जनशिक्षक येऊन म्हणाले, "सर, भारी-हल्का पढ़ाते हो ना, उसी में जोड़ दो कुछ. फोटो, वीडियो सब भेजना है." जड आणि हलकं यात हवामान कुठून आणायचं, मला सुचेना. मी नेहमीसारखी कापूस आणि गोटीने सुरुवात केली. तागडीच्या एका पारड्यात मूठभर कापूस, दुसऱ्यात गोटी. कापसाचं पारडं वर. एक मुलगा उठला, त्याने कापूस उचलला, स्वतःच्या बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं आणि परत ठेवला. पारडं खाली! "माहे बाबा असंच करतेत सर, मंडीत न्याच्या आंधी." वर्ग हसून लोटपोट. दुसरा ओरडला, "अन् मंग व्यापारी शिव्या देते!" मीही हसलो. आणि हसता हसता मला वाटलं, मिळाला पाठ. पाणी. पाण्याला वजन असतं, हे यांना आत्ता दिसलं आहे. आणि पाणी शाळेच्या गावात किती आहे, ते तर रोजच दिसतं.

तुम्हाला त्या गावाची विहीर आठवत असेल, तुम्ही तिचं पाणी प्यायला होता आणि गोड आहे म्हणाला होता. ती पूर्वी बुद्धपौर्णिमेपर्यंत साथ द्यायची. आता होळीलाच तळ दिसतो. नळाच्या तोट्या घरोघर बसल्या आहेत, पाणी आलेलं नाही, पोरं त्यांना दोरी बांधून खेळतात. बायका गावाबाहेरच्या एका संत्र्याच्या बगिच्यातल्या विहिरीवरून पाणी आणतात, मालक सकाळी भरू देतो. त्या बगिच्याचा आंबिया बहर यंदा उन्हाने गळाला, तरी तो माणूस पाणी भरू देतो, हे सांगितलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी घरून पाण्याचा गुंड नेला, आपल्याकडच्या बायका डोक्यावर नेतात तो, स्टीलचा. शाळेत तो काठोकाठ भरला. आधी तागडीत एक पेला पाणी आणि दुसरीकडे गोट्या घालून तोललं, मग पेल्याचं वजन हाताने, डोळे मिटून, सगळ्यांनी पाहिलं. मग म्हटलं, आता गुंड उचला. एकेक जण आला. कोणाला तो हलवताही येईना. तरी बढाया सुरूच. "माही माय दोन उचलते." "माही तं तीन! डोक्शावर दोन अन् कमरेवर एक." "हट बे, तुही माय गाडीवर आनते, मी पायलं." जनशिक्षक मोबाईल धरून उभे होते. मग मी आवाज खाली आणला. होय, बहेनजी, तसाच. ऊन लवकर का येतं, विहीर का आटते, पाणी दूर का गेलं, ते मी जमेल तितकं सोपं करून सांगितलं, आणि म्हणालो, "पाणी जितकं दूर जाते तितकं ते जड होते. आपण एक पेला सांडला, म्हणजे माय एक पेला उगाच डोक्यावर घेऊन चालली." वर्ग शांत झाला. बाटल्यांची झाकणं वाजवणारी पोरंही शांत झाली. ती शांतता मला आवडली.

तेव्हा तिसऱ्या ओळीतून तिने विचारलं, "सर, पेलेलं बी?"

मला प्रश्न लगेच कळला नाही. "काय पेलेलं?"

"सांडलं नाही, पेलं. तेबी माय डोक्शावरच आनते न?"

मी म्हणालो, "हो. तेही वजनच." कारण ते खरं होतं. जनशिक्षक म्हणाले, "वाह, क्या सवाल है!" तिने मान हलवली आणि खाली बसली. घंटा झाली. तिला आणखी एक वाक्य सांगायला हवं होतं, हे मला तेव्हा सुचलं नाही. ते वाक्य कोणतं, हे मला आज दवाखान्यातही सुचलं नाही, आणि आत्ता हे लिहितानाही मी तेच शोधतो आहे.

त्यानंतर तिने पाणी पिणं जवळजवळ सोडलं. चूळ भरावी तेवढं तोंड ओलं करायची, आणि मध्यान्ह भोजनातली पातळ डाळ पोटात जायची, तेवढ्यावर ती राहिली. घरून भरून आणलेली बाटली भरलेलीच परत न्यायची आणि कोणी पाहत नसताना माठात ओतायची. हे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. तिची आई काल मला दवाखान्यात सांगत होती, "मले वाटलं यंदा पानी पुरून राहिलं बापा. माठ पाहा तवा भरेलच. मी देवाले हात जोडले." आणि मी रोज तिच्या समोर उभा होतो. सकाळची शाळा, पंखा नाही, भिंतीतून ऊब येते, बारा वाजता पोरं घरी जातात. तिची मान बाकावर टेकलेली मी पाहिली होती. मी म्हणालो होतो, "काय वं, रात्री झोपली नाही काय?"

काल ती जेवणाच्या रांगेत पडली. स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी आधी पाहिलं. "सर, धावा! हिचे ओठ पाहा, कागद झाले." मी तिला उचललं आणि बाईंना मोटरसायकलवर मागे बसवून तिला त्यांच्या मांडीवर दिलं. ती किती जड होती ते मला आठवत नाही. मी कालपासून आठवायचा प्रयत्न करतो आहे, हातांना विचारतो आहे. तिची एक चप्पल व्हरांड्यात राहिली तेवढं आठवतं. वाटेत बाई मागून सारख्या म्हणत होत्या, "लू लागली असन, कांदा ठेवाले पायजे होता खिशात." दवाखान्यातले डॉक्टर तरुण आहेत. त्यांनी कातडी चिमटीत धरून पाहिली आणि सोडली, ती तशीच उभी राहिली. "बच्ची पानी नहीं पी रही थी क्या?" तोवर तिची आई कोणाच्या तरी गाडीवर येऊन पोचली होती. ती म्हणाली, "पेत होती न साहेब. रोज बाटली भरून नेत होती."

सलाईन लावताना तिने हात मागे घेतला. आम्हाला वाटलं सुईला घाबरली. पण ती नर्सला विचारत होती, "हे पानी कोनी आनलं?"

"सरकारनं आनलं बाई."

"डोक्शावर?"

"नाही वं, मोटारीनं. हात दे."

मग तिने हात दिला. नर्स हसली, मीही हसलो. आई खाली कूलरवर पाणी भरायला गेली तेव्हा मुलगी मला म्हणाली, "सर, मायले सांगू नका. मी बाटली माठात ओततो." तेवढंच. तेव्हा मला सगळं कळलं.

आज शाळा सुटल्यावर सरळ तिथेच गेलो. नाडी सुधारली आहे, पण सलाईनवर सगळं होणार नाही, तोंडाने पाणी गेलं पाहिजे, असं डॉक्टर म्हणतात. तिला अजून लघवी झालेली नाही. सकाळपर्यंत झाली नाही तर किडनीची भीती आहे, नागपूरला न्यावं लागेल. आईने पेला तोंडाला लावला की ती ओठ मिटते. आईने आणलेलं ती घेतच नाही. मग मी खाली जाऊन आणलं. तिने पेल्याकडे पाहिलं. "तुमच्या घरी कोन भरते, सर?" मी म्हणालो, माझ्याकडे नळ येतो. "मंग तुमी प्या," ती म्हणाली. रागाने नाही, वाटणी करावी तसं. आई चिडली. "पेत नाही न? पाय मंग, मी बी पेत नाही!" आणि तिने स्वतःचा पेला स्टुलावर आपटला. लेकरू दोन दिवसांत पहिल्यांदा हसलं. "हो माय. नको पिऊ." आई पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

मी तिच्याजवळ बसलो. म्हणालो, बाई, माझं चुकलं, प्यायलेलं पाणी मोजायचं नसतं. ती म्हणाली, "मंग त्याले वजन नसते काय?" बहेनजी, नसते म्हणायला काय झालं होतं? एक शब्द. तिने माझं ऐकलं असतं, ती माझं सगळंच ऐकते, म्हणून तर ती तिथे पडली आहे. पण कणकेचा गोळा हातावर ठेवून शिकलेला मी तिला असं कसं सांगू की ते वजन कुठेतरी नाहीसं होतं? मी तासभर स्वतःला विचारतो आहे: हा माझा खरेपणा होता, की मी बरोबर शिकवलं होतं हे मला सोडवत नव्हतं? तिथे मी काहीतरी पुटपुटलो, झाडंही पाणी पितात, गायही पिते, असं. तिने भिंतीकडे तोंड केलं.

व्हरांड्यात मी तिच्या आईला सगळं सांगितलं. लेकराने सांगू नका म्हटलं होतं, तरी सांगितलं. मला वाटलं होतं ती ओरडेल, निदान चार लोक जमतील. तिने नीट ऐकून घेतलं. "तुमी तं बरोबरच सांगतलं, सर," ती म्हणाली. "पोट्टे लय पानी सांडवतेत." मग जाळीतून खाली पाहत म्हणाली, "पन तिले काहून वाटलं असन का मी थकतो? मी तं कधी म्हनलं नाही." याचं उत्तर माझ्याकडे होतं. मी तिला थकलेली करून वर्गासमोर उभी केली होती, तिला न विचारता, गुंडासकट. पाठ चांगला व्हावा म्हणून. तुमचं ते वाक्य मला तिथे आठवलं, लेकराच्या हाती काही कराले ठेवलं का. मी काहीच ठेवलं नव्हतं. तिने स्वतः शोधून काढलं, सात वर्षांच्या माणसाला जेवढं शक्य आहे तेवढं.

मी घरी निघायच्या आधी लेकराचा डोळा लागला. नर्सने चमच्याने थोडं थोडं पाणी ओठांच्या कडेला सोडून पाहिलं, आणि झोपेत तिने ते गिळलं. एक चमचा, मग आणखी एक. जाग आली की ओठ मिटतात, पुन्हा डोळा लागला की गिळते. आई आता चमचा धरून बसली आहे. जागी करायची नाही, पण फार गाढ झोपूही द्यायची नाही, असं नर्सने सांगितलं आहे. डॉक्टर म्हणाले, चलने दो, सुबह देखते हैं. मी जनशिक्षकांना फोन करून तो व्हिडिओ पुढे पाठवू नका म्हणालो. ते म्हणाले, "अरे सर, धूप से बीमार हुई होगी, आप भी ना. सबको पसंद आया है." तो सगळ्या शाळांच्या ग्रुपवर आधीच गेला आहे. मी तिथे लिहिलं की हा पाठ घेऊ नये. खाली कोणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं, कशासाठी ते मला कळलं नाही.

हे पत्र कुठे जाणार नाही, तुम्ही जिथे असाल तिथेही नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकतो. काल ती "माठात ओततो" म्हणाली तेव्हा भीती वाटायच्या आधी, क्षणभर, मला अभिमान वाटला. वर्गात तो पाठ पूर्ण समजलेली तीच एक, असं माझ्या मनात आलं. आणि आज संध्याकाळीही, तिच्या आईशी बोलताना, ते आत कुठेतरी होतंच.

तीच एक, हे मी कशावरून म्हणतो? तिने विचारलं तेव्हा सगळा वर्ग ऐकत होता. माझं उत्तरही सगळ्यांनी ऐकलं. आज सकाळी मी दवाखान्याच्याच विचारात होतो. खिडकीत बाटल्यांची रांग होती, शाळा सुटल्यावर पोरं त्या उचलून गेली. त्या भरलेल्या होत्या की रिकाम्या, ते मी पाहिलं नाही.

उद्या: शाळा सुटायच्या आधी प्रत्येकाची बाटली स्वतः उचलून पाहणे.